चार डिझाइन, एक निर्णय : नेमकं कोणतं प्रॉडक्ट बनवायचं, हे कसं ठरवाल?



मागच्या व्हिडिओत आपण नवीन प्रॉडक्टच्या कल्पना कशा काढायच्या ते पाहिलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वहीत आता चार-पाच स्केच तयार असतील. आता खरा प्रश्न येतो. यातलं बनवायचं कोणतं? पैसे एकाच डिझाइनपुरते आहेत, वेळही तेवढाच आहे. आणि एकदा कापड कापलं, साचा बनवला किंवा हजार लेबलं छापली, की ते पैसे परत येत नाहीत.

आजच्या लेखात ही निवड कशी करायची ते एका खऱ्या उदाहरणातून, आकड्यांसकट शिकू. वही-पेन घेऊन बसा. आजचा धडा वाचण्यापेक्षा करून बघण्याचा आहे.

कपाटातल्या ११२ बॅगा

माझ्या एका बॅचला डोंबिवलीच्या एक ताई होत्या. शिलाईत हात एकदम साफ. त्यांना लोकलने ऑफिसला जाणाऱ्यांसाठी डब्याची कापडी बॅग बनवायची होती. कल्पना चांगलीच होती, कारण डबा नेणारी माणसं त्यांच्या स्टेशनवर रोज सकाळी हजारोंनी दिसतात.

त्यांच्याकडे चार डिझाइन होती. त्यातलं सगळ्यात देखणं त्यांनी निवडलं. आडवी चौकोनी बॅग, तीन बाजूंनी चेन, आत फोम आणि चकचकीत अस्तर. बचत गटातून कर्ज काढलं आणि एकदम १५० बॅगा शिवल्या. एका बॅगेला कच्चा माल १८० रुपयांचा, म्हणजे २७ हजार रुपये नुसत्या मालात गेले. चार महिन्यांत विकल्या ३८. उरलेल्या ११२ कपाटात.

मला म्हणाल्या, "सर, ही बॅग सगळ्यांना आवडली होती हो."

मी विचारलं, "सगळ्यांना म्हणजे कोणाला, ताई?"

"जावेला, शेजारच्या काकूंना, माझ्या बहिणीला."

"त्यांच्यापैकी डबा घेऊन लोकलने कोण जातं?"

त्या गप्प झाल्या. तिघींपैकी कोणीच जात नव्हतं.

गिऱ्हाईक बॅग हातात घ्यायचं, "छान आहे" म्हणायचं, ४५० रुपये किंमत ऐकायचं आणि खाली ठेवायचं. काही जणी आत बघून विचारायच्या, "आमटी सांडली तर हे धुवायचं कसं?" फोम आतून शिवून टाकलेला. बॅग धुतली की दोन दिवस वाळत नाही. मग त्या दोन दिवसांत डबा कशात न्यायचा?

ताईंची शिलाई उत्तम होती, मेहनतही होती. चूक झाली ती शिलाई मशीन सुरू होण्याच्या आधी, डिझाइन निवडताना.

आपण डिझाइन निवडतो तरी कसं?

प्रामाणिकपणे सांगा, यातलं तुमचं कोणतं?

एक, जे दिसायला भारी ते. दोन, जे सुचायला सगळ्यात जास्त डोकं लावलं ते, कारण त्यावर जीव जडलेला असतो. तीन, घरात ज्याचा आवाज मोठा त्याला आवडलेलं. चार, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून ज्याला जास्त अंगठे मिळाले ते.

या चारही पद्धतींत एक गोष्ट सारखी आहे. "कशासाठी चांगलं?" हा प्रश्न कोणी विचारतच नाही. अंगठा देणाऱ्याच्या खिशातून पैसे जात नाहीत, तुमच्या जातात.

यावर एक साधी पद्धत आहे. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात डिझाइन शिकवणारे ब्रिटिश इंजिनिअर स्टुअर्ट प्यू यांनी ती मांडली. त्यांचं 'टोटल डिझाइन' हे पुस्तक १९९१ साली आलं. मोठ्या कंपन्या मशीनचे भाग ठरवताना ही पद्धत वापरतात. पण तिला लागतं काय? एक कागद, एक पेन आणि थोडा खरेपणा. चला, ताईंच्या चार बॅगांवर ती लावून बघू.

पायरी १ : आधी निकष, मग डिझाइन

डिझाइनकडे बघायच्या आधी निकष लिहून काढा. हा क्रम उलटा झाला की आपण आवडत्या डिझाइनला सोयीचे निकष शोधत बसतो. आपल्याला कळतही नाही की आपण तसं करतोय.

निकष कुठून आणायचे? वापरणाऱ्याकडून. ताईंना मी सांगितलं, "बॅग दाखवू नका. फक्त डबा नेणाऱ्या दहा जणांना विचारा, तुमच्या आत्ताच्या बॅगेचा त्रास काय?" त्यांनी स्टेशनवर आणि गाडीत गप्पा मारता मारता विचारलं. जवळजवळ प्रत्येक जण एकच गोष्ट सांगत होता. गर्दीत बॅग आडवी होते आणि आमटी सांडते. त्यानंतर धुण्याचा त्रास. दिसणं तर फक्त दोघींनीच काढलं.

याचं एक मोठं उदाहरण आपल्या मराठवाड्यातलं आहे. गोदरेजने 'छोटूकूल' हा छोटा फ्रिज बनवायला घेतला, तेव्हा २००८ मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, शेकडो महिलांसमोर नमुना ठेवून त्यांचं मत घेतलं. फ्रिज हलका, सहज उचलता येणारा. झाकण वरून उघडणारं, कारण थंड हवा जड असते, वरून उघडलं तर ती खालीच राहते. कॉम्प्रेसर नाही, आणि गरज पडली तर बॅटरीवर चालणारा. वीज जाणाऱ्या, छोट्या खोलीत राहणाऱ्या घराचे निकष लावले म्हणून हे डिझाइन निघालं. शहरातल्या दोन दारांच्या फ्रिजचे निकष लावले असते, तर ते पहिल्याच फेरीत बाद झालं असतं. पुढे कंपनीला हे प्रॉडक्ट शहरी ग्राहकांकडेही वळवावं लागलं, तेही लक्षात ठेवा. डिझाइन नीट निवडलं तरी बाजार आपली वेगळी परीक्षा घेतोच.

ताईंचे सात निकष असे ठरले :

१. गर्दीत डबा सरळ राहतो
२. सांडलं तर धुवायला, वाळवायला सोपी
३. जेवण कोमट राहतं
४. रिकामी झाल्यावर जागा कमी घेते
५. कच्चा माल स्वस्त पडतो
६. शिवायला वेळ कमी लागतो
७. बघताक्षणी घ्यावीशी वाटते

पहिले चार आणि सातवा गिऱ्हाइकाचे, पाचवा आणि सहावा आपले. दोन्ही बाजू हव्यात. फक्त गिऱ्हाइकाचं बघाल तर नफा जाईल, फक्त आपलं बघाल तर गिऱ्हाईक जाईल. सगळे निकष "जास्त म्हणजे चांगलं" अशा भाषेत लिहा, म्हणजे खुणा करताना गोंधळ होत नाही.

पायरी २ : तुलना कशाशी?

"हे डिझाइन चांगलं आहे का?" या प्रश्नाला उत्तर नसतं. "त्यापेक्षा चांगलं आहे का?" याला असतं. म्हणून एक तुलनेची वस्तू ठरवायची. शक्यतो तीच, जी तुमचं गिऱ्हाईक आज वापरतंय.

ताईंसाठी ती होती स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर २५० रुपयांना मिळणारी रेडीमेड लंच बॅग. मी त्यांना एक विकत आणायला लावली आणि घरी उसवायला लावली. हो, अक्षरशः टीप उसवून! कापड किती, फोम किती, चेन कोणती, सगळं मोजलं. तसाच माल त्यांनी घेतला असता तर साधारण ११० रुपये लागले असते. तशी बॅग शिवायला आपल्याला किती वेळ लागेल, तोही अंदाज आला. २५० रुपयांत याहून चांगलं शिक्षण मिळत नाही.

पायरी ३ : अधिक, उणे, शून्य

आता चार डिझाइन :

क : उभी गोल पिशवी, तोंडाला नाडी, चेन नाही.
ख : आडवी चौकोनी, चेन आणि शिवलेला फोम (ताईंची लाडकी).
ग : खांद्याला अडकवायची, लांब पट्टा, बाहेर बाटलीचा कप्पा.
घ : रुमालासारखं बांधायचं कापड, वेल्क्रो लावलेलं, घडी करून पर्समध्ये मावणारं.

प्रत्येक निकषावर स्टॉलवरच्या बॅगेशी तुलना करायची. तिच्यापेक्षा सरस तर +, कमी तर −, सारखंच तर ०.

| निकष | क | ख | ग | घ |
|---|---|---|---|---|
| १. सरळ राहणं | − | + | − | ० |
| २. धुणं | + | − | ० | + |
| ३. कोमट राहणं | − | + | ० | − |
| ४. कमी जागा | + | − | ० | + |
| ५. माल स्वस्त | + | − | − | + |
| ६. वेळ कमी | + | − | − | + |
| ७. दिसणं | ० | + | + | − |
| एकूण + | ४ | ३ | १ | ४ |
| एकूण − | २ | ४ | ३ | २ |
| फरक | +२ | −१ | −२ | +२ |

तक्ता पूर्ण झाल्यावर ताई बराच वेळ 'ख'च्या रकान्याकडे बघत होत्या. सरळ राहणं, कोमट राहणं आणि दिसणं यात ती बॅग खरंच वरचढ होती. पण धुणं, जागा, माल आणि वेळ या चारही ठिकाणी ती २५० रुपयांच्या बॅगेपेक्षा मागे होती. हा कागद आधी केला असता तर लागला असता अर्धा तास.

खुणा करताना एक पथ्य पाळा. शक्य असेल तर दोघा-तिघांनी वेगवेगळ्या कागदावर खुणा करा आणि मग ताडून बघा. जिथे खुणा जुळत नाहीत, तिथे भांडू नका. एकाला काहीतरी दिसलंय जे दुसऱ्याला दिसलेलं नाही. ते काय, एवढंच विचारा.

पायरी ४ : बेरजेवर थांबू नका

इथे बहुतेक जण चुकतात. क आणि घ दोघांना +२, म्हणजे यातलं एक उचला आणि कामाला लागा, असं वाटतं. थांबा!

पहिल्या ओळीकडे पुन्हा बघा. गिऱ्हाइकाचा सगळ्यात मोठा त्रास आमटी सांडण्याचा. त्या ओळीत 'क' उणे आहे आणि 'घ' शून्यावर. तिथे अधिक फक्त एकीला आहे, हरलेल्या 'ख'ला!

म्हणून प्यू यांच्या पद्धतीत तक्ता भरून झाला की दोन प्रश्न विचारायचे. चांगल्या डिझाइनमधला उणे काढता येईल का? आणि हरलेल्या डिझाइनमधला अधिक उचलून दुसऱ्यात बसवता येईल का?

ताईंना विचारलं, "'ख' सरळ का राहते?"

"तिचा तळ सपाट आहे ना सर, खाली कडक शीट घातलीय."

"मग तो तळ 'क'ला लावला तर?"

तिथून पाचवं डिझाइन जन्माला आलं. त्याला 'च' म्हणू. उभी पिशवी, पण तळ चौकोनी आणि आतली कडक शीट काढता येणारी. फोम शिवलेला नाही, वेगळा आत सरकवायचा, म्हणजे धुताना बाहेर. नाडीऐवजी तोंड दोनदा गुंडाळून बक्कल लावायचं, म्हणजे चेनचा खर्च नाही आणि वाफही फार निसटत नाही.

'च'च्या खुणा : सरळ राहणं +, धुणं +, बाकी पाचही ठिकाणी ०. बेरीज पुन्हा +२ च! पण या +२ मध्ये एकही उणे नाही, आणि दोन्ही अधिक गिऱ्हाइकाच्या सगळ्यात मोठ्या दोन त्रासांवर आहेत. बेरीज सारखी असली तरी डिझाइन सारखं नसतं.

पायरी ५ : वेटेज लावा

'ग' आणि 'ख' आता बाहेर. उरले क, घ आणि च. आता थोडा बारीक हिशोब करू. चाळणी आधी आणि गुण नंतर, अशा दोन टप्प्यांत निवड करण्याची ही रीत कार्ल उलरिच आणि स्टीव्हन एपिंजर यांच्या प्रॉडक्ट डिझाइनच्या पुस्तकातही आहे. ते जगभर कॉलेजांत शिकवलं जातं.

एकूण १०० पॉइंट निकषांमध्ये वाटायचे. ज्याचं महत्त्व जास्त त्याला जास्त. मग प्रत्येक डिझाइनला १ ते ५ गुण. ३ म्हणजे स्टॉलवरच्या बॅगेइतकं, ५ म्हणजे खूपच सरस.

| निकष | वेटेज | क | घ | च |
|---|---|---|---|---|
| सरळ राहणं | ३० | २ | ३ | ५ |
| धुणं | २० | ४ | ५ | ४ |
| कोमट राहणं | १५ | २ | १ | ३ |
| कमी जागा | ५ | ४ | ५ | ३ |
| माल स्वस्त | १० | ४ | ५ | ३ |
| वेळ कमी | १० | ४ | ५ | ३ |
| दिसणं | १० | ३ | २ | ३ |
| एकूण | १०० | ३०० | ३५० | ३८० |

गुणाकार कसा? 'च'ला सरळ राहण्यात ५ गुण, वेटेज ३०, म्हणजे १५०. अशा सातही ओळी करून बेरीज घ्यायची.

स्टॉलवरच्या बॅगेला सगळीकडे ३, म्हणजे तिचे ३००. 'क'चेही बरोबर ३००! आधीच्या तक्त्यात पहिल्या नंबरला असलेलं डिझाइन प्रत्यक्षात बाजारातल्या बॅगेच्या पुढे एक पाऊलही नव्हतं. ते बनवलं असतं तर लोकांनी ताईंकडून घ्यायचं कारणच काय होतं?

आकडे हलवून बघा

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. 'च' ३८०, 'घ' ३५०. फरक फार मोठा नाही. म्हणून वेटेज थोडं हलवून बघायचं.

समजा गिऱ्हाईक बदललं. लोकलने जाणारी नोकरदार बाई नाही, तर चालत कॉलेजला जाणारा, हात आखडता असलेला विद्यार्थी. मग 'सरळ राहणं' ३० वरून २० करा आणि ते १० पॉइंट 'माल स्वस्त'ला द्या. पुन्हा बेरीज करा. 'घ' ३७०, 'च' ३६०. नंबर बदलला!

याचा अर्थ पद्धत खोटी आहे असं नाही. तक्ता तुम्हाला सांगतोय की हा निर्णय "गिऱ्हाईक कोण?" या एका उत्तरावर अडकलाय. ते उत्तर पक्कं असेल तर पुढे चला. पक्कं नसेल तर आकड्यांशी खेळत बसू नका, बाहेर पडून आणखी दहा जणांशी बोला. ताईंचं उत्तर पक्कं होतं. त्यांचं गिऱ्हाईक रोज सकाळी प्लॅटफॉर्मवर उभं असतं.

कागद संपला, आता डबा भरा

तक्त्यातले गुण हा शेवटी आपला अंदाज असतो. म्हणून ताईंनी पाच 'च' आणि पाच 'घ' अशी दहा सॅम्पल शिवली आणि रोज लोकलने जाणाऱ्या दहा अनोळखी माणसांना आठवडाभर वापरायला दिली. नातेवाइकांना द्यायची नाहीत, ही माझी अट होती.

आठवड्यानंतर कळलं ते असं. 'घ' वापरणाऱ्या दोघांची आमटी सांडली. 'च'मध्ये एकाचीही नाही. पण 'च'मध्ये चार पुडांचा डबा घातला की तोंड नीट गुंडाळता येत नव्हतं. सात निकषांत हे कुठेच नव्हतं, ते वापरणाऱ्याच्या हातातच कळलं. ताईंनी उंची दोन इंच वाढवली.

पहिली बॅच? १५० नाही, फक्त ३०. किंमत २८० रुपये. दीड महिन्यात तीसही गेल्या. त्या घेणाऱ्या सहा जणी घरातल्या दुसऱ्या माणसासाठी पुन्हा मागायला आल्या. कपाटातल्या जुन्या बॅगा ताईंनी दिवाळीत फराळाच्या भेटीसाठी जवळजवळ मालाच्या भावात काढल्या. नफा शून्य, पण बचत गटाचा हप्ता थकला नाही.

या चुका टाळा

निकष पंधरा-वीस करू नका. पाच ते आठ पुरे. जास्त झाले की बिनमहत्त्वाच्या गोष्टी मिळून महत्त्वाच्या गोष्टीला हरवतात.

एकच गोष्ट दोन नावांनी लिहू नका. "स्वस्त" आणि "किफायतशीर" दोन्ही लिहिलंत तर खर्चाला दुप्पट वजन मिळतं.

काही गोष्टी निकष नसतात, अटी असतात. खाण्याच्या वस्तूचं पॅकिंग अन्नासाठी योग्य असलंच पाहिजे. तिथे कमी गुण नाहीत, थेट बाद.

आणि शेवटची. आवडतं डिझाइन हरलं की हळूच वेटेज बदलायचा मोह होतो. मलाही होतो. म्हणून वेटेज आधी लिहा, खाली तारीख टाका आणि घरातल्या एकाची सही घ्या. हसू नका, उपयोग होतो!

तुमचा गृहपाठ

१. तुमच्या गिऱ्हाइकासारख्या दहा जणांना आजचा त्रास विचारा. तुमची कल्पना सांगू नका.
२. पाच ते आठ निकष लिहा.
३. बाजारातली एक वस्तू विकत आणा, उघडून बघा.
४. अधिक-उणे-शून्याचा तक्ता भरा.
५. हरलेल्या प्रत्येक डिझाइनमधली एक चांगली गोष्ट शोधा आणि ती दुसरीकडे बसते का ते बघा.
६. उरलेल्या दोन-तीन डिझाइनना वेटेज लावा, मग वेटेज हलवून बघा.
७. सॅम्पल अनोळखी माणसांच्या हातात द्या.

एवढ्याला लागेल एक रविवार आणि वर एक आठवडा. डिझाइनवर प्रेम जरूर करा, पण आधी त्याला तक्त्यात उभं करा. कागदावर हरलेलं डिझाइन फुकट पडतं. कपाटात हरलेल्या डिझाइनची किंमत ताईंनी मोजली आहे, तुम्ही मोजू नका.

पुढच्या व्हिडिओत सॅम्पल दिल्यावर गिऱ्हाइकाकडून खरं मत कसं काढायचं ते बघू, कारण "छान आहे" हे मत नसतं. तोपर्यंत तक्ता भरून ठेवा. भेटूया!